चार इयत्ता, एक मास्तर

जुलै २०२०. रात्रीचे अकरा चाळीस झाले होते. फोन उशाशी ठेवून झोपायची सवय त्या पावसाळ्यात लागली. स्क्रीन उजळली. नववीतल्या एका मुलाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. फोटो आडवा, खालच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आलेला आणि बल्बचा पिवळा डाग नेमका तिसऱ्या उत्तरावर. खाली एक ओळ होती, ‘टीचर, बरोबर आहे का बघा ना.’ मी उठून बसले. पान मोठं करून वाचलं, दोन चुका दाखवल्या, एक शाबासकी लिहिली. टीचर जाग्या आहेत हे कळताच आणखी एका मुलीचा फोटो आला. मग तिसरा. साडेबाराला फोन खाली ठेवला तेव्हा डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती.

महिनाभर असंच चाललं. मुलांना मी चोवीस तास उपलब्ध आहे याचं मला समाधान वाटायचं. मग एके दिवशी मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, ‘तुमच्या वर्गातली कोण कोण मागे पडताहेत?’ मला एकही नाव धड सांगता येईना. दिवसाला साठ-सत्तर निरोपांना उत्तरं दिली होती. कुठलं पान कोणाचं, मागच्या आठवड्यात कोण कुठे अडलं होतं, काही आठवत नव्हतं. ज्या मुलांनी एकही फोटो पाठवला नव्हता, त्यांची तर मला चाहूलही नव्हती.

ऑनलाईन शिकवताना सतत उपलब्ध असणं आणि मुलाकडे लक्ष देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी उमगलं. पहिली वाढली की दुसरी आटते. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

त्या काळात मुलं रात्रीच फोटो का पाठवायची, हे आधी सांगायला हवं. आमची शाळा डिचोली तालुक्याच्या उत्तरेच्या टोकाला. तिथे डिचोलीची मुलं येतात, तशी नदीपलीकडच्या पेडण्याचीही. या पट्ट्यात घरं खोलगट जागी, झऱ्याच्या किंवा नदीच्या आधाराने वसलेली, आणि वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. पाणी खाली, नेटवर्क वर. मुलं छत्री घेऊन सड्यावर जाऊन बसायची. त्याच वर्षी सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्याच्या परिसरात, मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढत असल्याची बातमी देशभर गेली. आमच्याकडे डोंगर लहान होता, एवढाच फरक. घरात स्मार्टफोन असला तरी तो बहुधा एकच, आणि तो वडिलांबरोबर तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेलेला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० मध्ये तो आकडा ६१.८ टक्क्यांवर गेला. पण घरात फोन आहे याचा अर्थ तो मुलाच्या हातात आहे असा होत नाही. वडील घरी येणार, जेवणं होणार, मोठ्या भावाचं कॉलेजचं काम संपणार, मग धाकट्याची पाळी. म्हणून रात्रीचे अकरा चाळीस. मुलाचा त्यात काही दोष नव्हता.

गोव्यात दहावी-बारावीचे वर्ग २१ नोव्हेंबर २०२० ला पुन्हा भरले. प्राथमिकच्या मुलांना वर्गात बसायला २०२२ उजाडलं. तोवर माझ्या ओळखीतल्या किती तरी शिक्षिका आतून रिकाम्या झाल्या होत्या. सारख्या चिडायच्या, आणि चिडल्याबद्दल रडायच्या.

या रिकामेपणाचा अभ्यास पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाला. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे मनापासून राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांत विझत चाललेले त्यांना दिसले आणि १९७४ मध्ये त्यांनी या अवस्थेला ‘बर्नआऊट’ हे नाव दिलं. त्यांचं निरीक्षण आपल्या कामाचं आहे: जो जास्त जीव लावतो, तो आधी जळतो. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. एक, झोपूनही न जाणारा थकवा. दुसरी, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. थकवा सगळ्यांना कळतो. शिक्षकाने घाबरावं ते दुसऱ्या खुणेला, कारण त्या कोरडेपणात मूल हरवतं आणि ‘अजून त्रेचाळीस फोटो तपासायचेत’ एवढंच उरतं. माझं तेच झालं होतं. मुलांकडे वैयक्तिक लक्ष देण्यासाठी मी स्वतःला जाळलं आणि जळाल्यावर पहिली गोष्ट गेली ती तेच लक्ष.

मग मला माझे प्राथमिक शाळेतले मास्तर आठवले.

पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावरची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात गावोगाव, वाड्यावाड्यांवर अशा शाळा निघाल्या. आमची त्यातलीच. एक खोली, एक व्हरांडा, एक मास्तर आणि पहिली ते चौथी अशा चार इयत्ता. पट तीसच्या आसपास.

मास्तर फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून चार भाग करायचे. तिसरीच्या भागात तीन गणितं, चौथीच्या भागात शुद्धलेखनाचे शब्द. पहिलीला चौथीतली एक मुलगी अक्षरं गिरवायला द्यायची. एवढी मांडामांड झाली की मास्तर दुसरीच्या बस्करावर मांडी घालून बसायचे. मग त्यांचं सगळं लक्ष दुसरीचं. एकेकाची पाटी मांडीवर घ्यायचे, बोट ठेवून विचारायचे, ‘हे इथे कसं आलं?’ मूल सांगायचं. चुकीचं सांगितलं तरी ते पूर्ण ऐकून घ्यायचे. वीस मिनिटांनी उठून तिसरीकडे. आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असायचं की आज ना उद्या आपली पाटी त्यांच्या मांडीवर जाणार. तोवर आम्ही आपापलं काम करत राहायचो, एकमेकांना विचारायचो, भांडायचो. संध्याकाळच्या बसने मास्तर गावी निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आम्हाला भेटणं शक्य नसायचं. मास्तरांचं आमच्याकडे लक्ष नाही, असं वाड्यावर कोणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

एका खोलीत चार इयत्ता सांभाळणं ही मोठी कारागिरी आहे. आपण तिच्याकडे गैरसोय म्हणून पाहिलं. कोलंबियात १९७०च्या दशकात व्हिकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस्कुएला नुएवा’ म्हणजे नवी शाळा ही पद्धत उभी केली, ती अशाच खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी: मुलांच्या हाती स्वतः पुढे जाता येईल अशा मार्गदर्शिका आणि शिक्षक गटागटातून फिरता. आपल्याकडे आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी शिकण्याची ‘शिडी’ केली. मूल आपण कुठल्या पायरीवर आहोत ते स्वतः पाहून पुढचं कार्ड उचलतं. मोठ्या मुलाने लहानाला शिकवण्याची रीत तर पंतोजींच्या शाळेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोर इथल्या अनाथाश्रमाची शाळा चालवत होता. वाळूत बोटाने अक्षरं काढत शिकणारी देशी शाळेतली मुलं त्याने पाहिली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घ्यायची पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. तिचं पुढे तिथे घोकंपट्टीचं यंत्र झालं, हेही खरं. कारण त्यांनी मोठी मुलं घेतली आणि पाटी मांडीवर घेणारा मास्तर गाळला.

मार्च २०२० मध्ये आपण सगळे अचानक ऑनलाईन गेलो तेव्हा नमुना म्हणून डोळ्यांसमोर धरलं ते मोठ्या सभागृहातलं व्याख्यान. चाळीस मिनिटं बोलायचं, शेवटी ‘काही शंका?’ विचारायचं, समोर शांतता. मग ती व्याख्यानाची उणीव रात्री एकेकाला निरोप पाठवून भरून काढायची. म्हणजे दिवसभर कोणाकडेच बघायचं नाही आणि रात्रभर सगळ्यांकडे. चार इयत्तांची खोली डोळ्यांसमोर असती तर आपण वेगळं केलं असतं.

इथे थोडं गणित करू. माझ्याकडे नववीच्या दोन तुकड्या, मुलं शहाऐंशी. प्रत्येकाला आठवड्यातून सात मिनिटं द्यायची म्हटली तर सहाशे दोन मिनिटं, म्हणजे दहा तास. वर्ग, तपासणी, तक्ते भरणं यांच्या जोडीला हे अशक्य. पण रोज तीन मुलं घेतली तर आठवड्याचे पाच दिवस धरून पंधरा होतात आणि सहा आठवड्यांत सगळा पट संपतो. रोजचा खर्च वीस-पंचवीस मिनिटं. सहा आठवड्यांतून एकदा हे फार कमी वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मुलाच्या बाजूने बघा: एरवी दहा वर्षांच्या शाळेत किती वेळा एखादा शिक्षक सात मिनिटं फक्त त्याच्याशी, त्याच्या वहीबद्दल, कोणी मध्ये न येता बोललेला असतो?

फोनवरच्या थोड्या मिनिटांत काय होणार, या शंकेला बोत्स्वानातून चांगलं उत्तर मिळालं. शाळा बंद असताना नोम अँग्रिस्ट, पीटर बर्गमन आणि मोइत्शेपी मात्शेंग यांनी साडेचार हजारांवर कुटुंबांमध्ये एक प्रयोग केला. काहींना आठवड्याला गणितं एसएमएसने पाठवली. काहींना एसएमएसबरोबर आठवड्यातून एक फोन, पंधरा-वीस मिनिटांचा, साध्या फोनवर. काहींना दोन्ही नाही. फोन आलेली मुलं गणितात स्पष्टपणे पुढे गेली. नुसत्या एसएमएसने जवळपास काही झालं नाही. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे भारत, नेपाळ, केनिया अशा देशांतही ही पद्धत तपासली गेली. व्हिडिओ नव्हता, ॲप नव्हतं. एक माणूस ठरलेल्या वेळी फोन करत होता, मूल आपलं गणित तोंडी सांगत होतं आणि तो ऐकत होता. आमचे मास्तर पाटी मांडीवर घ्यायचे, तेच.

वैयक्तिक शिकवणीच्या चर्चेत एक आकडा नेहमी येतो. शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं की एकास एक शिकवलेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. हा आकडा ऐकून शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. एवढा फरक पडत असेल तर मी प्रत्येकाला एकट्याने का शिकवत नाही, असं वाटतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच कमी निघाला. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा तो ब्लूम यांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. आणि दुसरी गोष्ट ब्लूम यांच्याच लेखात आहे: तीस मुलांच्या साध्या वर्गात वरचेवर छोटी चाचणी घेतली, चूक त्याच वेळी दाखवली आणि दुरुस्त करून घेतली, तर एकास एक शिकवणीचा निम्मा लाभ तिथेच पदरात पडतो. म्हणजे मुलाला हवं असतं ते आपली चूक कोणीतरी बघणं आणि ती सुधारायची संधी. त्यातला मोठा भाग एकत्रही करता येतो.

मी तो असा करू लागले. शहाऐंशी उत्तरं आली की आधी सगळी नुसती वाचायची, काही लिहायचं नाही. वाचता वाचता एका कागदावर चुका टिपायच्या. शहाऐंशी मुलं शहाऐंशी प्रकारे चुकत नाहीत. चार-पाच प्रकारांत बहुतेक सगळी मावतात. ‘कवितेचा आशय लिहा’ म्हटलं की अर्धा वर्ग ओळींचा शब्दशः अर्थ लिहितो. काही जण कवीचा परिचय लिहून थांबतात. काहींचं म्हणणं बरोबर असतं पण वाक्य तीन ओळी लांबून मध्येच तुटतं. या चार-पाच चुकांवर पाच मिनिटांचं एक बोलणं ध्वनिमुद्रित करून गटावर टाकायचं. नावं घ्यायची नाहीत. मुलं आपापली चूक ओळखतात आणि वहीत सुधारतात. मग प्रत्येकाला स्वतंत्र एकच वाक्य, त्याच्यापुरतं: ‘दुसऱ्या कडव्यातला पाऊस तुला नेमका दिसला, तसंच तिसरं वाच.’

आणि गुण लिहायचे नाहीत. हे पालकांना रुचत नाही, पण रूथ बटलर यांचा १९८८ मधला प्रयोग मी त्यांना सांगते. इस्रायलमधल्या शाळकरी मुलांच्या एका गटाला कामावर फक्त गुण दिले, एकाला फक्त शेरा, एकाला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळाले की मूल गुण बघतं आणि पान उलटतं. रात्री बारापर्यंत जागून लिहिलेला शेरा शेजारच्या ‘५ पैकी ३’मुळे वाया जाणार असेल, तर जागायचं कशाला?

आता त्या अकरा चाळीसच्या फोटोकडे येऊ, पण एका शेताच्या वाटेने. पेडण्याच्या कोरगावसारख्या गावांत खाजन शेती आहे, खाऱ्या पाण्यालगतची. कोरगुट भात पिकतं ते तिथे. बांधात एक लाकडी दरवाजा असतो, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की त्या दाबानेच मानस मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलतं आणि बाहेर जातं. मानस कायमची उघडी ठेवली तर शेत खारवेल, कायमची बंद ठेवली तर पावसाचं पाणी तुंबून भात कुजेल. तिची वेळ समुद्र ठरवतो.

आमच्याकडे भरती-ओहोटी ठरत होती कारखान्याच्या पाळीवर. सकाळी दहा ते पाच अशी शिक्षिकेच्या सोयीची वेळ ठेवली असती तर निम्म्या मुलांच्या हाती तेव्हा फोनच नसता. मी रात्री आठ ते पावणेनऊ ही वेळ धरली. फोन घरी आलेले असतात, जेवणं व्हायची असतात. पालकांना मी आमच्या घरच्या बोलीत एक निरोप बोलून पाठवला: या वेळात मी आहे, रोज तीन मुलांना मीच फोन करणार, कोणाची पाळी कधी ती यादी सोबत; पावणेनऊनंतर आलेला निरोप मी दुसऱ्या दिवशी आठला बघेन; घरात आजारपण किंवा काही संकट असेल तर केव्हाही फोन करा. भीती होती की म्हणतील, टीचर काम टाळते. एका आईने तेवढं विचारलं, ‘आमच्या मुलाची पाळी मंगळवारी घालाल? त्या दिवशी ह्यांना सुट्टी असते.’

पहिल्या आठवड्यात रात्रीचे फोटो येतच राहिले. मी बघितले नाहीत, आणि ते न बघणं मला फार जड गेलं. तिसऱ्या आठवड्यात निरोप निम्म्यावर आले. आठ वाजायची वाट बघताना मुलं एकमेकांना विचारत होती आणि बरेच प्रश्न तिथेच मिटत होते. सडा ही आता चार-पाच जणांनी एकत्र बसून अभ्यास करायची जागा झाली होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलाच्या दिवसात जिथे जागा आहे तिथे शाळेने बसायचं, हे त्यांच्याकडून घ्यावं. पण कुरणशाळा म्हणजे चोवीस तास उघडी शाळा नव्हे.

फोनवर बोलायचं, व्हिडिओवर नाही, हा माझा आग्रह आहे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिडिओच्या थकव्याची चार कारणं मांडली: समोरचे चेहरे अंगावर आल्यासारखे जवळ दिसतात, स्वतःचा चेहरा सतत आरशासारखा पुढे असतो, एका चौकटीत अडकून बसावं लागतं, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणाही मुद्दाम करून दाखवाव्या लागतात. फोनवर यातलं काही नाही. मी अंगणात तुळशीभोवती फिरत बोलते. मूलही मोकळं होतं, कारण मागची गळकी भिंत किंवा झोपलेला धाकटा भाऊ कॅमेऱ्यात दिसण्याची लाज त्याला नसते. वर्गात कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती मी तेव्हापासून सोडली.

आणि वही. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक मुलाला एक पान. वर नाव, खाली तारखा. प्रत्येक बोलण्यानंतर दोन ओळी: काय कळलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. एका पानावर असं आहे: ‘आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हापशाला. वाचतो छान, लिहायला घाबरतो. पुढे: एक कडवं मोठ्याने वाचून घ्यायचं, मग त्यावर चारच ओळी.’ सहा आठवड्यांनी मी ‘आजीचे डोळे कसे आहेत?’ असं विचारते तेव्हा मुलगा क्षणभर गप्प होतो. त्याला वाटतं टीचरना आठवतंय. आठवणीत ठेवायचं काम वहीने केलेलं असतं, म्हणून रात्री माझं डोकं हलकं असतं. शहाऐंशी मुलांची काळजी डोक्यात वाहून नेणं हीच त्या पहिल्या महिन्यातली मोठी चूक होती.

या वहीत एक गोष्ट आपोआप दिसते: कोरी पानं. जे मूल काही विचारत नाही, फोटो पाठवत नाही, ज्याचा फोन लागत नाही, त्याचं पान कोरं राहतं. उपलब्ध राहण्याच्या पद्धतीत लक्ष जातं ते जो हाक मारतो त्याच्याकडे, आणि हाक मारणारी मुलं बहुतेकदा सावरलेली असतात. पाळीत हाक न मारणाऱ्याचाही नंबर येतो. माझ्याकडे अशी नऊ कोरी पानं निघाली. त्यातल्या चौघांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. दोघांनी काजूच्या बागेत आणि दुकानावर काम धरलं होतं. एक मुलगी आईच्या आजारपणात घर सांभाळत होती. त्या नऊ जणांसाठी मी आठवड्यातून एक जादा फोन ठेवला, शेजाऱ्याच्या, मावशीच्या, वाड्यावरच्या दुकानदाराच्या नंबरवर. नऊपैकी सात टिकली. दोन शाळेत परत आली नाहीत. त्यांची पाळी यादीत आणखी आधी आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

हे सगळं एकट्या शिक्षकाने स्वतःच्या खासगी वेळात करावं, असं मात्र मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटची नोंद करताना त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी गोष्ट म्हटलं. म्हणजे त्याचा इलाज कामाच्या मांडणीत शोधायचा. ऑनलाईन शिकवायची वेळ आज ना उद्या पुन्हा येते; काही शिकवणी वर्ग तर कायमचेच तिकडे गेले आहेत, आणि परदेशातल्या मराठी शाळांतले हौशी शिक्षकही नोकरी सांभाळून हेच करतात. अशा वेळी रोजचे तीन फोन ही एक तासिका धरली पाहिजे, वेळापत्रकात छापलेली. चाळीस मिनिटांचं एक व्याख्यान कमी झालं तर मुलांचं फारसं बिघडत नाही.

आणि चौथीतली ती मुलगी, जी पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, ती आता कॉलेजात असते. इटलीत २०२० मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून शाळकरी मुलांना आठवड्यातून काही तास एकास एक ऑनलाईन शिकवलं; मुलांचं शिकणं सुधारलं आणि मनही सावरलं, असं मिलानच्या संशोधकांना आढळलं. आमच्याकडे विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय आहे, साखळीला सरकारी महाविद्यालय आहे. तिथली मुलं याच वाड्यांवरची. एका विद्यार्थ्याने आठवड्याला दोन लहान मुलं धरली तरी शिक्षकाच्या यादीतला भार उतरतो. मात्र त्यांना कोणाशी बोलायचं, काय विचारायचं आणि काय टिपून ठेवायचं ते शिक्षकाने आधी सांगावं, आणि आठवड्यातून एकदा ती टिपणं मांडीवर घेऊन बसावं.

अकरा चाळीसला फोटो पाठवणाऱ्या मुलाची पाळी सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी आली. आठ वाजून दहा मिनिटांनी मी फोन लावला. तो सड्यावर होता; पाऊस नुकता उघडला होता, बेडकांचा आवाज फोनमधून स्पष्ट येत होता. मी त्याला कवितेचं एक कडवं वाचायला सांगितलं. त्याने टॉर्चच्या उजेडात वाचलं, अडखळत, मग पुन्हा एकदा न सांगता, अडखळण्याशिवाय. मी विचारलं, ‘यातली कुठली ओळ तुला सगळ्यात आवडली?’ तो बराच वेळ बोललाच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, ‘टीचर, असं कोणी विचारलं नव्हतं. थांबा, मी परत वाचतो.’ मी थांबले. तो तिसऱ्यांदा वाचत असतानाच फोन कट झाला. मी वहीत त्याच्या पानावर लिहिलं, ‘ओळ सांगायची राहिली. उद्या पहिला फोन ह्याला,’ आणि यादीतला पुढचा नंबर लावला.